नारळाचं दाट दूध: कधी जपायचं, कधी मुद्दाम फोडायचं

नारळाच्या दुधाबद्दल स्वयंपाकघरात ऐकू येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. कालवण फुटलं, वर तेल आलं. केकच्या तळाशी चिकट थर राहिला. पाकिटावर ‘क्रीम’ लिहिलेलं होतं, पण फेटून फेटून हात दुखले तरी फुगलंच नाही. या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. आपण ते दूध म्हणून वापरतो, आणि त्यात तेल किती आहे हे विसरतो.

घरी पहिल्या पिळणीत निघालेल्या अंगरसात साधारण २० टक्के स्निग्धांश असतो, नारळ चांगला जून असेल तर थोडा जास्तच. पिशवीतल्या फुल क्रीम दुधात तो ६ टक्के असतो. म्हणजे कपभर अंगरस कढईत ओतला की पाण्यासोबत तीन मोठे चमचे तेल तरी आपण ओतलेलं असतं. हे तेल बारीक थेंबांच्या रूपात पाण्यात पसरलेलं असतं, आणि नारळातली थोडीशी प्रथिनं ते थेंब एकमेकांना चिकटू देत नाहीत. साधारण ८० अंश सेल्सिअसला ही प्रथिनं आवळायला लागतात, आणि मग तेल वेगळं होतं. आंबट पदार्थही हेच काम करतो, फक्त जरा सावकाश.

दुसरा लक्षात ठेवायचा आकडा २४. नारळाचं तेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. जानेवारीत पहाटे मुंबईतसुद्धा खोबरेलाची बाटली पांढरी झालेली दिसते, आणि मे महिन्यात तीच बाटली पाण्यासारखी वाहते. बेकिंगमधल्या निम्म्या अडचणी इथूनच सुरू होतात, कारण परदेशी पाककृती लिहिणाऱ्यांचं स्वयंपाकघर २० अंशांवर असतं आणि आपलं ३२ वर.

नारळ निवडणं आणि दूध काढणं

नारळ हातात घेऊन आधी वजन बघा. आकाराच्या मानाने जड हवा. हलवल्यावर पाणी वाजलं पाहिजे, पण अगदी खळखळून वाजत असेल तर पाणी आटलेलं आहे, खोबरं सुकायला लागलं असेल. शेंडीखालचे तीन डोळे कोरडे असावेत. तिथे ओल किंवा बुरशी दिसली तर तो नारळ परत ठेवा, विक्रेता काहीही म्हणो. दादरला किंवा माटुंग्याच्या बाजारात बरेच विक्रेते तिथेच फोडून देतात. तसं करून घेतलं तर आतलं खोबरं बघून, वास घेऊन मगच पैसे देता येतात. मात्र फोडलेला नारळ घेऊन उन्हातून तासभर हिंडायचं नाही.

चव, म्हणजे ओलं खोबरं, खवताना विळीवर करवंटीपर्यंत जाऊ नका. तपकिरी साल आली की दूध मळकट होतं आणि किंचित तुरट लागतं. कालवणात हे खपून जातं, पण सोलकढीत आणि पांढऱ्या पुडिंगमध्ये लगेच कळतं. खवणं जमत नसेल तर खोबऱ्याचे काप काढून साल सोलाण्याने काढा आणि मिक्सरमधून बारीक करा. दूध तितकंच निघतं.

मध्यम नारळाच्या चवात अर्धा कप कोमट पाणी घाला. बोट घालून सहज ठेवता येईल इतपतच गरम. उकळतं पाणी घातलं तर प्रथिनं तिथेच आवळतात, गार घातलं तर तेल चवाला धरून बसतं, आणि फ्रिजमधून काढलेल्या चवाचं तर विचारूच नका. पाच मिनिटं मुरू द्या. मग मिक्सर थांबून थांबून तीन-चार वेळा फिरवा. सलग दोन मिनिटं फिरवलात तर भांडं तापतं आणि कधीकधी लोण्यासारखे कण वर येतात. जुन्या स्वच्छ पंचात किंवा मलमलच्या कापडात घालून घट्ट पिळा. गाळणीवर चमच्याने दाबून काम भागत नाही, निम्मा रस चोथ्यात राहतो. हा झाला अंगरस. त्याच चोथ्यात एक कप कोमट पाणी घालून पुन्हा फिरवा आणि पिळा, तो पातळ रस. दोन्ही वेगळ्या भांड्यांत ठेवा. पुढे सगळं यावरच अवलंबून आहे.

पाकीट घेताना

मागची बाजू वाचा. दर १०० ग्रॅममागे फॅट किती ते बघायचं. १७ ते २० असेल तर ते आपल्या अंगरसाच्या जागी चालेल. १० च्या आसपास असेल तर ते पातळ रसाचं काम करेल, केकमध्ये घेऊ नका. ५-६ असेल तर दुकानातच राहू द्या. पुढच्या बाजूला ‘रिच’, ‘क्रीमी’ वगैरे काय लिहिलंय याकडे बघायची गरज नाही.

घटकांच्या यादीत ग्वार गम किंवा एखादं इमल्सिफायर दिसेल. ते वाईट नाही. उकळी आली तरी दूध फुटू नये म्हणून ते घातलेलं असतं, त्यामुळे घाईच्या दिवशी कालवणाला पाकीट जास्त भरवशाचं. पण तेल मुद्दाम सोडवायचं असेल किंवा मलई वेगळी काढायची असेल, तर हेच गम आड येतं. पावडर घेत असाल तर आणखी एक गोष्ट: काही पावडरींमध्ये दुधातलं केसिनेट असतं. घरात कोणी दुधाचे पदार्थ टाळत असेल तर यादी नीट वाचूनच घ्या.

डबा उघडल्यावर वर घट्ट थर आणि खाली पाणी दिसलं म्हणजे माल खराब, असं नाही. गम कमी असल्याची ती खूण आहे. आंबट वास, बुळबुळीतपणा किंवा गुलाबी छटा दिसली तर मात्र फेकून द्या.

कालवण: न फोडता

अर्धा किलो पापलेट किंवा सुरमईचं कालवण धरू. पसरट स्टीलचं पातेलं घ्या. आमसुलं असल्यामुळे ॲल्युमिनियम नको. तेलावर ठेचलेली लसूण आणि बारीक कांदा परता, हळद, तिखट, थोडी धनेपूड घाला, मसाला करपायच्या आत दीड कप पातळ रस ओता. आता चार आमसुलं टाका आणि पाच मिनिटं खळखळू द्या. पातळ रसात फुटण्यासारखं फार काही नसतं, म्हणून आंबटाचा आणि उकळीचा कार्यक्रम इथेच उरकून घ्यायचा. मग मासे सोडा. पापलेटच्या तुकड्यांना पाच-सहा मिनिटं पुरतात.

मासा शिजला की आच अगदी मंद करा. एक कप अंगरसात चिमूटभर मीठ घालून ढवळून घ्या आणि पातेल्याच्या कडेकडेने ओता. यानंतर चमचा घालायचा नाही. पातेलं दोन्ही बाजूंनी चिमट्याने किंवा फडक्याने धरून गोल हलवायचं, म्हणजे मासाही तुटत नाही. कडेला बारीक बुडबुडे दिसू लागतील, मध्यभाग अजून शांत असेल, वाफ निघायला लागेल. तिथेच गॅस बंद करा. झाकण ठेवायचंच असेल तर तिरकं ठेवा. पूर्ण झाकलं तर आतली उष्णता वाढत राहते, आणि बंद गॅसवरही कालवण फुटतं.

पाहुण्यांसाठी आधी करून ठेवायचं आहे आणि पुन्हा गरम करावं लागणार आहे? मग अंगरस ओतण्यापूर्वी त्यात एक छोटा चमचा तांदळाची पिठी कालवा. पिठीतला स्टार्च थेंबांना धरून ठेवतो. चवीत कळत नाही, रस्सा किंचित अंगाबरोबर होतो. कालवण थोडंसं फुटलंच, तर फेकू नका. चव तीच असते, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जणांना वर तेलाचा तवंग आवडतो.

वालाच्या बिरड्याला हाच क्रम: वाल पातळ रसात शिजवायचे, दाट रस शेवटी. भाताला मात्र हिशेब वेगळा. २०० मिली दाट दुधात पाणी दीडशे मिलीच्या आतच असतं. पाण्याऐवजी तेवढंच दाट दूध मोजून घातलं तर तांदूळ वर कच्चा आणि तळाला लागलेला मिळतो. नारळी भाताला पातळ रस घ्या, किंवा दाट दुधात तेवढंच पाणी मिसळा, आणि कुकरऐवजी जाड बुडाच्या पातेल्यात करा.

सोलकढी कधीही तापवायची नाही, एवढं सगळ्यांना माहीत असतं. कमी माहीत असलेली गोष्ट अशी की कोकम भिजवलेलं कोमट पाणी पूर्ण गार होऊ द्यायचं आणि वाढायच्या अर्धा तास आधीच मिसळायचं. आंबटामुळे दूध हळूहळू वेगळं होतंच. सकाळी करून संध्याकाळी वाढली तर वर पांढरा थर आणि खाली गुलाबी पाणी मिळेल. खूप आधी तयारी करायची असेल तर दोन्ही वेगळं फ्रिजमध्ये ठेवा. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरत असाल तर मीठ सर्वांत शेवटी, चाखून. आगळात आधीच भरपूर असतं.

मुद्दाम फोडायचं तेव्हा

थाई करीची पेस्ट तेलात नव्हे, नारळाच्या मलईतून सुटलेल्या तेलात परततात, म्हणून हॉटेलातल्या करीवर हिरवे-लाल थेंब तरंगताना दिसतात. अर्धा कप अंगरस किंवा डब्यातला वरचा घट्ट थर कढईत मध्यम आचेवर ठेवा. आधी उकळेल, मग घट्ट होईल, सहा-आठ मिनिटांनी आवाज बदलेल. खळखळीच्या जागी तळणीची चरचर ऐकू येईल, आणि कडेला पारदर्शक तेल दिसेल. तेव्हा पेस्ट घाला. गम असलेलं पाकीट कितीही आटवलं तरी खळीसारखं होत जातं, तेल काही सोडत नाही. अशा वेळी हट्ट न करता एक मोठा चमचा खोबरेल तेल घालून पेस्ट परतून घ्यावी. बाकीचं दूध नंतर.

बेकिंगचा हिशेब

केकच्या पाककृतीत गाईचं दूध लिहिलं असेल आणि तिथे दाट नारळाचं दूध घालायचं असेल, तर लोणी कमी करावंच लागतं. २०० मिली फुल क्रीम दुधात साधारण १२ ग्रॅम स्निग्धांश, तेवढ्याच दाट नारळाच्या दुधात ४०. फरक २८ ग्रॅमचा. बटरमध्ये ८० टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे ३५ ग्रॅम बटर कमी करा. तेल घालत असाल तर ३० मिली. हे केलं नाही की केक जड होतो आणि तळाशी तो चिकट थर बसतो. त्याच वेळी पाणीही कमी पडतं, म्हणून पीठ घट्ट वाटलं तर दोन-तीन चमचे साधं पाणी घालायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट सोड्याची. ताकावर किंवा दह्यावर बेतलेल्या पाककृतीत खाण्याचा सोडा असतो, कारण फुगायला लागणारा आंबटपणा ताकातून येतो. नारळाचं दूध जवळजवळ आंबट नसतंच. नुसती अदलाबदल केली तर केक बसतो आणि सोड्याची साबणासारखी चव राहते. एका कपाला एक मोठा चमचा लिंबाचा रस घाला, नाहीतर सोडा काढून बेकिंग पावडर वापरा.

आता निनाव. सीकेपी घरांत श्रावणात होणारा हा पदार्थ म्हणजे नारळाच्या दुधाचं अस्सल आपलं बेकिंग. पूर्वी पातेल्याच्या खाली-वर निखारे ठेवून करत, आता ओटीजीमध्ये, म्हणजे घरगुती छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, उत्तम होतो. एक वाटी बेसन आणि पाव वाटी कणीक दोन मोठे चमचे तुपावर मंद आचेवर खमंग भाजा. तूप कमी वाटेल, पण बाकीचा स्निग्धांश नारळातून येणार आहे. सव्वा वाटी चिरलेला गूळ दीड वाटी पातळ रसात कोमट करून विरघळवा आणि गाळून घ्या, गुळात कचरा असतोच. गॅस बंद करून भाजलेलं पीठ दोन मिनिटं निवू द्या, मग हे गूळ-दूध थोडं थोडं ओतत ढवळा. एकदम ओतलं तर गुठळ्या होतात. आता एक वाटी अंगरस, चिमूटभर मीठ आणि भरपूर जायफळ. पुन्हा मंद आचेवर ठेवून पिठल्यापेक्षा घट्ट होईपर्यंत हलवा, कालथा फिरवल्यावर तळ क्षणभर दिसला पाहिजे. तूप लावलेल्या भांड्यात दोन बोटं जाडीचा थर ओता, वर सपाट करा. १८० अंशांवर आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये ३५ ते ४० मिनिटं.

झालं की नाही ते रंगावरून बघा. वरचा थर गडद बदामी, मध्ये बारीक भेगा, आणि कडेला तेल सुटून बुडबुडे येत असतात. इथे सुटलेलं तेल हवंच, त्यानेच कडा कुरकुरीत होते. गरम असताना कापू नका. पूर्ण निवल्यावरच वड्या पडतात, आणि चव दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते.

रव्याचा केक यापेक्षा सोपा. २०० ग्रॅम बारीक रवा २५० मिली दाट दुधात तासभर भिजवा. उन्हाळ्यात बाहेर ठेवायची भीती वाटते म्हणून फ्रिजमध्ये ठेवलात, तर नारळाचं तेल गोठून रव्याचा दगड होतो. फेटण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. ६० ग्रॅम बटर आणि १७५ ग्रॅम साखर हलकी होईपर्यंत फेटून दोन अंडी एकेक करून घाला. मग भिजलेला रवा, १०० ग्रॅम ओला चव, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, मीठ, वेलची. मिश्रण इडलीच्या पिठापेक्षा थोडं दाट हवं. आठ इंची भांड्यात १७० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं. छोट्या ओटीजीमध्ये वरची कॉइल जवळ असते, त्यामुळे अर्ध्या तासाने वर फॉइल टाका. मुंबईच्या ईस्ट इंडियन आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत रवा-नारळाचे असे भाजलेले पदार्थ नाताळला हमखास असतात. त्यांच्या घरोघरच्या प्रमाणांशी हे जुळेलच असं नाही.

आइसिंग, गनाश आणि चायना ग्रास

फेटलेल्या नारळाच्या मलईबद्दल माझं स्पष्ट मत आहे: एप्रिल ते ऑक्टोबर मुंबईत तिच्या वाटेला जाऊ नये. २४ अंशांच्या वर तिच्यातलं तेल पातळ राहतं, आणि पातळ तेलात हवा टिकत नाही. करायचीच असेल तर गम नसलेला डबा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, फक्त वरचा घट्ट थर घ्या, बर्फावर ठेवलेल्या भांड्यात एसीच्या खोलीत फेटा आणि केक कापायच्या दहा मिनिटं आधीच लावा. वाढदिवसाला मेणबत्त्यांची वाट बघत तासभर बाहेर ठेवलेल्या केकवर ती टिकणार नाही.

त्यापेक्षा गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं दाट मिश्रण, करा. पाकिटातल्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो, नारळाच्या दुधात त्याहून कमी, म्हणून चॉकलेट थोडं वाढवायचं. २०० ग्रॅम डार्क चॉकलेटला १३० ते १४० मिली दाट दूध पुरे. दूध वाफ येईपर्यंतच तापवा, चॉकलेटवर ओता, तीन मिनिटं थांबा, मग मधून बाहेर ढवळा. तेल सुटल्यासारखं दिसलं तर एक चमचा कोमट पाणी घालून जोरात ढवळा, परत जुळून येतं.

उन्हाळ्यातल्या गोडासाठी चायना ग्रास जास्त सोयीचं, कारण ते फ्रिजशिवायही घट्ट होतं. त्याची गोम अशी की ते विरघळायला चांगली उकळी लागते, आणि नारळाच्या दुधाला तीच नको असते. म्हणून ५ ग्रॅम चायना ग्रास २०० मिली पाण्यात भिजवून वेगळं उकळा, पूर्ण विरघळलं की साखर घाला. ४०० मिली दाट दूध दुसऱ्या भांड्यात कोमट करून त्यात हे गाळून ओता. फ्रिजमधलं गार दूध घेतलं तर तिथल्या तिथे गाठी होतात. मग ढवळत राहा, भांड्याला हात लावता येईल इतपत निवल्यावरच साच्यात ओता. कढत असताना ओतलं तर मलई वर जाते आणि खाली पारदर्शक थर राहतो. वर हापूसच्या फोडी.

उरलेलं दूध आणि चोथा

ताजं काढलेलं दूध मुंबईच्या हवेत दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका, पावसाळ्यात आणि मे महिन्यात एकच. फ्रिजमध्ये दीड-दोन दिवस. उघडलेलं पाकीट किंवा डबा काचेच्या अथवा स्टीलच्या भांड्यात ओतून ठेवला तर तीन दिवस. डब्यातच झाकून ठेवू नये. जास्त उरलं तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. वितळल्यावर ते दाणेदार दिसेल, पण कोमट करून मिक्सरमधून एकदा फिरवलं की कालवणाला, निनावाला चालतं. फेटायला किंवा सोलकढीला नाही.

दोनदा पिळलेल्या चोथ्यातही खोबरं उरतंच. जाड कढईत मंद आचेवर कोरडा होईपर्यंत परता, रंग बदलू देऊ नका. गार करून डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवला तर आठवडाभर लसणाच्या चटणीत, थालीपीठाच्या पिठात, किंवा वरच्या रव्याच्या केकमध्ये ओल्या चवाच्या अर्ध्या भागाऐवजी घालता येतो. केकमध्ये घालताना दूध दोन चमचे वाढवा, कोरडा चोथा पाणी ओढून घेतो.